नाणी विकायचा मेल आलाय? फोटो सगळ्यात शेवटी बघा

सांगलीत आमचा सात-आठ जणांचा कट्टा रविवारी सकाळी चहाला जमतो. हल्ली तिथं नाणी कमी आणि मोबाइल जास्त निघतात. कुणीतरी स्क्रीन पुढं करतो, "काका, हे बघा, एकोणीसशे अकराचा रुपया, निम्म्या भावात देतोय, घेऊ का?" आणि सगळे डोळे बारीक करून जॉर्ज पाचव्याच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड तपासायला लागतात. हा मेल पाठवला कुणी, असं पहिल्यांदा विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

घोळ इथंच होतो. न मागता आलेल्या मेलमध्ये तीन प्रश्न असतात. पाठवणारा जो म्हणून सांगतोय तोच आहे का? त्याच्याकडे ते नाणं आहे का? आणि ते नाणं खरं आहे का? आपण संग्राहक उलटीकडून सुरुवात करतो, कारण तिसऱ्या प्रश्नात आपल्याला गोडी असते. मी स्वतः २०१८ मध्ये शिवराईच्या (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं) एका लॉटचे फोटो तीन तास भिंगाखाली बघितले. अक्षरं बरोबर, झीज बरोबर, रंग बरोबर. ४,५०० रुपये पाठवले. पार्सलमध्ये तांब्याच्या चार वायसर निघाल्या. फोटोतली नाणी अस्सलच होती, फक्त ती त्या माणसाची नव्हती. कुठल्याशा जुन्या लिलावाच्या कॅटलॉगमधून उचललेली होती.

म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या. एका टप्प्यावर मेल नापास झाला की पुढचा करायचाच नाही. बहुतेक मेल दुसऱ्या टप्प्यापलीकडे जात नाहीत, म्हणजे दहा मिनिटांत काम संपतं.

## मेल यायच्या आधीची तयारी

नाण्यांच्या कामासाठी मेलचा पत्ता वेगळा ठेवा. बँक, आधार, गॅस यांच्याशी जोडलेला पत्ता प्रदर्शनातल्या वहीत लिहून देऊ नका. पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत प्रत्येक टेबलावर नाव-नंबर-मेल लिहायची वही असते, आणि आपण हौसेनं तीनदा लिहितो. तुमचा पत्ता बाहेर जातो तो बहुधा तिथूनच. दोन्ही पत्त्यांना दोन टप्प्यांची पडताळणी लावून ठेवा.

एका वहीत आपल्याला हव्या असलेल्या नाण्यांची यादी करा आणि प्रत्येकापुढे जास्तीत जास्त किती द्यायचे ते लिहा. मेल आल्यावर नव्हे, आत्ताच. मेल समोर असताना लिहिलेला आकडा मेलवाल्याच्या सोयीचा निघतो.

घरी तीन वस्तू हव्यात: ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, दहा पटीचं भिंग आणि एक लोहचुंबक. तिन्ही मिळून खर्च फार होत नाही.

चौथी गोष्ट म्हणजे माणूस. आपल्या जिल्ह्याइतकी ही सोय दुसरीकडं मिळणार नाही. विटा, खानापूर, आटपाडी भागातल्या गलाईवाल्यांनी, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणाऱ्यांनी, देशभर सोन्या-चांदीचा टंच काढलाय. प्रत्येक गावात असा एखादा परतलेला काका असतोच. धातू कसला आहे हे तो कसोटीवर घासून सांगेल. मात्र त्याला धातूच विचारा, नाणं विचारू नका. चांदी शुद्ध असली म्हणून नाणं खरं ठरत नाही; खोटी नाणीही चांगल्या चांदीत पाडतात. आणि घासायला दिलेलं नाणं संग्रहातून गेलं असंच समजा, त्यामुळे हा उपाय शंकास्पद मालापुरताच ठेवा.

## टप्पा १: मेल उघडा, पण बोट आवरा

मेल नुसता उघडून वाचल्यानं सहसा काही होत नाही. बिघडतं ते लिंक दाबल्यावर, जोडलेली फाइल उघडल्यावर किंवा उत्तर दिल्यावर.

मेलच्या सेटिंगमध्ये चित्रं आपोआप दिसणं बंद करा. काही मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारं ठिपक्याएवढं चित्र असतं. ते उघडलं की पाठवणाऱ्याला कळतं की हा पत्ता चालू आहे आणि माणूस वाचतोय. मग मेलांची रांग लागते.

जोडलेल्या फाइलचं नाव शेवटपर्यंत वाचा. "किंमतयादी" असं नाव आणि शेवटी एपीके, ईएक्सई, झिप किंवा एचटीएमएल असेल तर ती यादी नाही. एपीके म्हणजे मोबाइलमध्ये बसणारं ॲप. किंमतयादी बघायला ॲप लागत नाही.

"यापुढे मेल नको असल्यास इथे दाबा" ही ओळ ओळखीच्या विक्रेत्याच्या मेलमध्ये असेल तर वापरा. अनोळखी मेलमध्ये तीसुद्धा लिंकच आहे. सरळ स्पॅममध्ये टाका.

थांबा: "बघू तरी काय म्हणतोय" म्हणून "किंमत काय?" एवढंच उत्तर पाठवणारे बरेच आहेत. ते उत्तर म्हणजे तुमच्या पत्त्यावर मारलेला "गिऱ्हाईक जिवंत आहे" असा शिक्का.

## टप्पा २: पाठवणारा तोच आहे का?

मेलच्या वर मोठ्या अक्षरांत दिसणारं नाव कुणीही काहीही टाकू शकतो. त्यावर बोट ठेवलं की खाली खरा पत्ता उघडतो. तो वाचा.

पत्त्यात ॲट या चिन्हानंतरचा भाग महत्त्वाचा, आणि तो उजवीकडून वाचायचा. समजा तुमच्या ओळखीच्या विक्रेत्याचं संकेतस्थळ "नाणेदुकान डॉट कॉम" आहे. (नाव काल्पनिक आहे, शोधत बसू नका.) मेल "नाणेदुकान डॉट कॉम डॉट दिवाळीऑफर डॉट टॉप" वरून आला असेल, तर तो दिवाळीऑफरवाल्याचा आहे. डावीकडं लिहिलेलं नाणेदुकान ही नुसती पाटी. तसंच इंग्रजी लहान आर आणि एन ही अक्षरं चिकटून आली की एम वाटतात, आणि एल हे अक्षर एक या आकड्यासारखं दिसतं. चष्मा लावून, अक्षर अक्षर वाचा.

मग उत्तर कुठं जाणार ते बघा. मेल एका पत्त्यावरून आलेला आणि "उत्तर द्या" दाबल्यावर दुसराच पत्ता उगवत असेल, तर तिथंच थांबायचं.

यानंतर अशी एक तपासणी, जी आमच्या कट्ट्यावर दोघांनाच ठाऊक होती. जीमेल संगणकावर उघडा, मेलच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर जा आणि "शो ओरिजिनल" निवडा. मोबाइलच्या ॲपमध्ये ही सोय सापडत नाही. वरती एक तक्ता येतो, त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन ओळी असतात आणि पुढं पास किंवा फेल. सोप्या भाषेत सांगायचं तर पहिली ओळ सांगते की हा मेल त्या संकेतस्थळाने नेमलेल्या यंत्रावरूनच निघाला का. दुसरी सांगते की त्यावरची डिजिटल सही जुळते का. तिसरी या दोन्हींचा मेळ वर दिसणाऱ्या पत्त्याशी घालते. मोठ्या लिलावघराच्या नावानं आलेल्या मेलपुढं डीमार्क फेल दिसलं, तर पुढं वाचू नका.

पण पास दिसलं म्हणून हुरळूही नका. सगळ्यात मोठा गैरसमज या ठिकाणी होतो. पास म्हणजे मेल त्या पत्त्यावरूनच आलाय, एवढंच. भामट्यानं स्वतःचं संकेतस्थळ रीतसर विकत घेतलं असेल तर त्याचाही मेल तिन्ही ओळींत पास होतो. जीमेलचा फुकट पत्ता काढून पाठवलेला मेलही पास होतो. रेल्वेच्या तिकिटावरून माणूस मिरजेहून आला हे कळतं, कशाला आला हे कळत नाही.

संकेतस्थळ नवं वाटलं तर त्याची नोंदणी कधी झाली ते बघा. "हूइज" नावाची शोधसुविधा फुकट आहे. संकेतस्थळाचं नाव टाकलं की नोंदणीची तारीख मिळते. "चाळीस वर्षांची परंपरा" सांगणाऱ्याचं संकेतस्थळ तीन आठवड्यांपूर्वीचं निघालं, तर परंपरा किती जुनी ते कळलंच.

पडताळा: पत्ता अक्षर अक्षर वाचला? उत्तराचा पत्ता तोच आहे? तिन्ही ओळी पास? तिन्हींना होकार असेल तरच पुढं.

## टप्पा ३: गोष्ट काय सांगतोय?

आता मजकूर वाचा, आणि नाण्यांची वर्णनं सोडून बाकीचं वाचा.

काही मेल पहिल्या ओळीतच निकालात निघतात. रिझर्व्ह बँकेचं नाव घेऊन जुनी नाणी किंवा नोटा विकायला-घ्यायला सांगणारा मेल हा त्यातला पहिला. अशा व्यवहारांशी आपला काही संबंध नाही, आपण त्यासाठी कुठलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही, हे बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलंय. तरीही वैष्णोदेवीच्या पाच रुपयाला लाखो मिळतील म्हणून "नोंदणी शुल्क" भरणारे दर वर्षी भेटतात. "तांदूळ ओढणारं" चमत्कारी नाणं, म्हणजे राइस पुलर, सांगणारा मेल तर वाचायचाही नाही.

टांकसाळीच्या नावानं स्मारक नाण्यांचा मेल आला तर मेलमधल्या लिंकवरून जाऊ नका. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चारही टांकसाळी एकाच सरकारी महामंडळाच्या आहेत आणि त्यांची विक्री त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर जाहीर होते. पत्ता स्वतः टाइप करून बघा, ते नाणं तिथं त्या किमतीला आहे का.

राहिले ते घरगुती कहाणीवाले मेल. आजोबांचा संग्रह, वाड्याची वाटणी, मुलीचं लग्न, परदेशी निघालोय. यातली प्रत्येक गोष्ट खरीही असू शकते. सातारा-सांगलीत जुन्या वाड्यांतून नाणी निघतातच. अशा वेळी आपलं स्थानिक ज्ञान कामाला लावा. आमच्यापैकी एकाला मेल आला होता: "२०१९ च्या महापुरात विट्यातलं आमचं घर पाण्यात गेलं, म्हणून आजोबांचा संग्रह काढतो आहे." विट्यात महापूर! ज्या पट्ट्यानं उन्हाळे टँकरची वाट बघत काढले, तिथं कृष्णा चढवली होती या गृहस्थानं. लिहिणाऱ्यानं "सांगली पूर" एवढं वाचलं असणार आणि जिल्ह्यातलं एक गाव उचललं असणार.

कहाणी अशी धडधडीत चुकली नाही तर साधे प्रश्न तयार ठेवा. वाडा कुठल्या पेठेत? आजोबांचा धंदा काय होता? संग्रहात दुसरं काय काय आहे? खऱ्या वारसाला नाण्यांतलं कळत नसतं, पण घरातलं सगळं कळतं. भामट्याचं याच्या उलट: नाण्याचं वर्णन तोंडपाठ आणि घराबद्दल विचारलं की विषय बदलतो.

थांबा: "शेतात नांगरताना हंडा सापडला" अशी कहाणी असेल तर ती खरी निघाली तरी पंचाईत आहे. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून जास्त किमतीच्या गुप्तधनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते; १८७८ चा कायदा आजही लागू आहे. खोटा असेल तर पैसे जातील, खरा असेल तर पोलीस येतील.

घाईकडंही लक्ष द्या. "आज संध्याकाळपर्यंत", "दोन गिऱ्हाइकं वाट बघतायत", "फक्त तुमच्यासाठी". जे नाणं शंभर वर्षं थांबलं ते आणखी चार दिवस थांबेल. मी उत्तरात मुद्दाम लिहितो की येत्या रविवारी बघून कळवतो. खरा विक्रेता "बरं" म्हणतो.

## टप्पा ४: विक्रेता खरा आहे का?

नियम एकच: मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करून मेलची खात्री करायची नाही. चोरानंच दिलेला साक्षीदार तो. नंबर दुसरीकडून मिळवा: जुनं बिल, प्रदर्शनात घेतलेलं कार्ड, छापील कॅटलॉग, ओळखीचा संग्राहक.

ओळखीच्या विक्रेत्याच्या मेलबाबत तर हे जास्तच पाळा. त्याचा मेल कुणी चोरून उघडला असेल, तर दुसऱ्या टप्प्यातल्या सगळ्या तपासण्या पास होतील, भाषाही त्याचीच असेल, मागच्या व्यवहाराचा उल्लेखही असेल. फरक एकाच ओळीचा असतो: "आमचं बँक खातं बदललं आहे, या नव्या खात्यावर पाठवा." ही ओळ दिसली की मोबाइलमध्ये साठवलेल्या जुन्या नंबरवर फोन करा आणि त्याच्या आवाजात ऐका.

जीएसटी क्रमांक दिला असेल तर तपासायला दोन मिनिटं लागतात. पंधरा अक्षर-आकड्यांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं पॅनची. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो टाकला की व्यवसायाचं नाव, नोंदणीची तारीख आणि ती चालू आहे की रद्द, हे दिसतं. मेलमधलं नाव आणि पोर्टलवरचं नाव जुळलं पाहिजे. दुसऱ्याचा क्रमांक छापून बसलेले महाभाग असतात. लहान विक्रेत्याकडं क्रमांक नसूही शकतो, तेवढ्यावरून त्याला खोटं ठरवू नका.

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत येतं. त्याचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे शिवराई-मुघलांची मोठी यादी पाठवणाऱ्या दुकानदाराला परवान्याबद्दल सरळ विचारा. आणि "तुमची जुनी नाणी परदेशात आमच्याकडे पाठवा, डॉलरमध्ये देतो" असा मेल आला तर भाव कितीही गोड असो, उत्तर देऊ नका.

## टप्पा ५: नाणं त्याच्या हातात आहे का?

माझ्या ४,५०० रुपयांचं शिक्षण ते हे.

आधी फोटो गूगल लेन्समध्ये टाका. तोच फोटो लिलावाच्या जुन्या पानावर किंवा दुसऱ्याच्या विक्रीत दिसला की खेळ संपला. मात्र काही सापडलं नाही तर फोटो त्याचाच आहे असं होत नाही. फोटो उलटा केला, कडा कापल्या, रंग बदलला की शोध चुकतो.

मग नवा फोटो मागा. "अजून एक फोटो पाठवा" असं मोघम मागितलं तर तो त्याच कॅटलॉगमधला दुसरा पाठवेल. असं मागा: एका कागदावर आजची तारीख आणि माझं नाव हातानं मराठीत लिहा, नाणं त्या कागदावर तिरकं ठेवा आणि कडेला स्टीलचा चमचा ठेवून फोटो काढा. चमचा का, असं विचारलं तर "मापासाठी" म्हणा. खरं कारण असं की चमच्यासकटचा फोटो कुणाच्या कॅटलॉगमध्ये नसतो.

हल्ली कागदावरचं अक्षर संगणकावर चिकटवणारेही निघालेत, म्हणून किमती नाण्यासाठी व्हिडिओ कॉल हवाच. कॉलवर तीन गोष्टी करून घ्या: नाणं उलटं करून दाखवणं, कड फिरवून दाखवणं, आणि काट्यावर ठेवून आकडा दाखवणं. नेट नाही, कॅमेरा खराब, नाणं बँकेच्या लॉकरमध्ये, अशी कारणं आली तर "लॉकर उघडाल तेव्हा कळवा" म्हणून विषय संपवा.

## टप्पा ६: आता नाणं बघा

इथवर आलेले मेल थोडे असतात. आता भिंग काढायला हरकत नाही. सगळी नाणी इथं मावणार नाहीत. आपल्याकडच्या मेलमध्ये सारखी येणारी तेवढी घेतो.

ब्रिटिश रुपया. १८६२ पासून १९३९ पर्यंतच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदी ९१.७ टक्के. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरेल, जड भरणार नाही. १९४० ते १९४५ च्या रुपयांत चांदी निम्मी. १९४७ चा रुपया निकेलचा, लोहचुंबकाला चिकटतो. वाघाचं चित्र असलेला १९४७ चा रुपया "शुद्ध चांदी" म्हणून देणारा एक तर अडाणी आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतोय. १९३९ चा रुपया दुर्मिळ, त्यामुळे शेजारच्या सालाचा शेवटचा आकडा खोदून बदललेले तुकडे फिरतात. तो आकडा आणि त्याच्या आजूबाजूची जमीन भिंगातून बघा. ओरखडे किंवा खोलगट भाग दिसला तर सोडा. १९११ चा, म्हणजे झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ज्याला डुक्कर रुपया म्हणतात तो, फार दुर्मिळ नाही. मेलमध्ये मात्र त्याला "भारतात फक्त दहा" अशी पदवी मिळते.

शिवराई. हातानं ठोकलेलं नाणं. एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्रपति". पण पूर्ण मजकूर एका तुकड्यावर क्वचितच बसतो. ठसा सरकलेला असतो, आकार वेडावाकडा असतो आणि दोन शिवराया सारख्या नसतात. म्हणून लॉटच्या फोटोत एकच गोष्ट शोधा: जुळी भावंडं. दोन नाण्यांना त्याच जागी तीच चीर, तोच टवका असेल तर ती साच्यात ओतलेली आहेत. ओतीव नाण्यावर बारीक छिद्रं दिसतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत असतात आणि कडेला जोडाची रेघ असू शकते.

शिवकालीन होन. सुमारे पावणेतीन ग्रॅमचा सोन्याचा तुकडा, आणि खरे म्हणून माहीत असलेले मोजकेच. मेलवर होन आला की मेल बंद करा. खरा होन विकणाऱ्याला अनोळखी माणसांना मेल पाठवत बसायची गरज पडत नाही.

ईस्ट इंडिया कंपनीचे "अर्धा आणा", "एक आणा": एका बाजूला कंपनीचं नाव आणि १६१६, १७१७ किंवा १८१८ साल, दुसऱ्या बाजूला रामदरबार, हनुमान किंवा कमळ. अशी नाणी कंपनीनं पाडलीच नव्हती. ही जत्रेत मिळणारी वस्तू आहे. साताऱ्यात एका घरी हे नाणं देव्हाऱ्यात बघितलंय. तिथं ते शोभतं, चाळीस हजारांत शोभत नाही.

प्लॅस्टिकच्या डबीत बंद असलेलं, श्रेणी लावलेलं नाणं. एनजीसी किंवा पीसीजीएस या श्रेणी लावणाऱ्या कंपन्यांचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून बघा, आणि तिथं नाण्याचा फोटो असेल तर तोच डाग, तीच खरचट आहे का ते जुळवा. नुसता क्रमांक सापडणं पुरेसं नाही. खऱ्या नाण्याचा क्रमांक छापून खोटी डबी करतात, म्हणजे क्रमांक बरोबर येणारच.

पडताळा: मनात जरा जरी किंतु असेल तर फोटो आणि वजन ओळखीच्या जाणकाराला दाखवा. प्रश्न मात्र "हे खोटं का असू शकेल?" असा विचारा. "चांगलं आहे ना?" असं विचारलं की मित्र "हो" म्हणतात.

## टप्पा ७: पैसे

जमल्यास समोरासमोर. सांगली, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यात कुणी विकत असेल तर एसटीनं काही तासांत भेट होते. भेटायची जागा गजबजलेली आणि उजेडाची ठेवा, काटा बरोबर न्या. इतक्या जवळचा असून भेटायला तयार नसेल तर व्यवहार नाही.

लांबचा असेल तर पहिला व्यवहार लहान करा. पाचशे-सातशेचं नाणं मागवा आणि ते कसं येतं ते बघा. पण एक लहान व्यवहार नीट झाला म्हणून दुसरा पन्नास हजारांचा करायचा नाही. पहिलं आमिष नीट पोचवणं हा त्यांचा जुना डाव आहे. पायऱ्या लहान ठेवा.

यूपीआय आयडी टाकल्यावर बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. ते विक्रेत्याच्या किंवा दुकानाच्या नावाशी जुळलं पाहिजे. "भाच्याचं खातं आहे, काका" हे ऐकलं की थांबा. आणि पैसे घ्यायला कधीही पिन लागत नाही. "तुमची ॲडव्हान्स परत करतोय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" म्हणजे तुमच्याच खात्यातून पैसे जाणार.

"फक्त टोकन टाका" ही सगळ्यात महागडी ओळ. आधी हजार, मग विमा, मग जीएसटी, मग कस्टमचा दंड. प्रत्येक वेळी आधीचे वाचवायला नवे द्यावे लागतात. ठरलेल्या रकमेपलीकडं एक रुपया मागितला की व्यवहार तिथं संपला, गेलेल्या पैशांसह.

पार्सल आल्यावर पैसे देण्याची सोय सुरक्षित वाटते, पण व्ही.पी. पार्सलमध्ये पैसे आधी, उघडणं नंतर. आत वायसर असू शकतात, हे मी अधिकारानं सांगू शकतो.

## टप्पा ८: पार्सल आल्यावर, आणि फसल्यावर

पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा: आधी बंद पाकीट, शिक्के, पत्ता, मग कापणं, मग नाणं काट्यावर. मध्ये थांबवू नका. व्हिडिओ कॉलवर दिसलेल्या वजनाशी आणि डागांशी लगेच जुळवा. फरक असेल तर त्याच दिवशी लेखी कळवा, फोनवर भांडत बसू नका. नाणं साफ करू नका, नाहीतर "तुम्हीच बिघडवलं" हे उत्तर तयार असतं.

पैसे गेल्याचं लक्षात आलं तर पहिला फोन १९३० वर, विक्रेत्याला नंतर. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जायची शक्यता जास्त. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवा. हाताशी ठेवा: व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, तारीख-वेळ, ज्या खात्यावर गेले ते, संभाषणाचे स्क्रीनशॉट आणि मूळ मेल. मेल कुणाला फॉरवर्ड करून स्वतःचा पुसून टाकू नका; फॉरवर्ड केल्यावर पाठवणाऱ्याची मूळ माहिती निघून जाते. टप्पा २ मधल्या "शो ओरिजिनल" पानावर मेल जसाच्या तसा उतरवून घेण्याची सोय आहे, ती फाइल जपा.

तक्रारीनंतर काही दिवसांनी बहुधा आणखी एक मेल येतो. "सायबर विभागाचे वकील" किंवा "वसुली अधिकारी" कळवतात की तुमची रक्कम सापडली आहे, फक्त फाइलचा खर्च भरा. फसलेल्यांच्या याद्याही विकल्या जातात, आणि त्या यादीत आता तुमचं नाव आहे. तो मेल आला की टप्पा १ पासून सुरू करा.